कठडा कोणी बांधावा?

वाचनासाठी : अनुवाद २२:८

नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, नाहीतर तेथून कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशा आशयाचा एक नियम या वचनात आहे. त्या काळी धाबे ही कामाचीही जागा होती. राहाबेने हेरांना लपविले ते धाब्यावर रचून ठेवलेल्या जवसाच्या ताटांमध्येच. विशेष हे की, वर जाणाऱ्याने जपून चालावे, एवढेच सांगून हा नियम थांबत नाही. तो घर बांधणाऱ्याला जबाबदार धरतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यशिक्षणाचा विचार करताना हा भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

१. माहिती हा कामगाराचा हक्क आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हा वायू कोणता व त्यापासून बचाव कसा करावा, हे भोवतालच्या वस्तीला ठाऊक नव्हते. पुढे १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, आणि कामातील धोक्यांची माहिती व त्याविषयीचे प्रशिक्षण मिळविण्याचा हक्क कामगाराला मिळाला. मात्र ही माहिती त्याला समजेल अशा भाषेत हवी. ओडिशातून आलेल्या मजुरासमोर इंग्रजी फलक लावणे म्हणजे शिक्षण नव्हे.

२. माहितीला व्यवस्थेची जोड हवी. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली तयार करणाऱ्या कामगारांना सिलिकोसिसने ग्रासले. दगड कापताना उडणारी अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचते. हा रोग बरा होत नाही, शिवाय त्यामुळे क्षयाचा धोकाही वाढतो. येथे केवळ "तोंडाला फडके बांधा" हा उपदेश अपुरा आहे. पाण्याचा फवारा मारून धूळ दाबणे किंवा ती यंत्राने शोषून घेणे, हा खरा कठडा होय. आणि तो मालकानेच बांधावयाचा असतो.

३. निरोगी जीवन म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. जागतिक आरोग्य संघटना जीवनाची गुणवत्ता मोजताना शरीर, मन, परस्परसंबंध व परिसर या चारही अंगांचा विचार करते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे व्यायाम करावा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमहून कमी खावे, हे कार्यालयातील व्याख्यानात सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु जेथे जेवायला सवड नाही, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नाही, रात्रपाळीनंतर पुरेशी विश्रांती नाही, तेथे असा उपदेश आजाऱ्यालाच दोषी ठरवितो.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिस्थितीला कामाविषयीच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. जगाने आज मान्य केलेले हे तत्त्व त्या जुन्या धाब्यावर केव्हाच लिहिलेले होते. आपल्यापैकी कोणी कारखान्याचे मालक आहेत, कोणी शाळेचे वा रुग्णालयाचे व्यवस्थापक आहेत. कित्येकांच्या घरी कामाला बाई येते. कठड्याचा प्रश्न या सर्वांनाच लागू आहे.

मननासाठी प्रश्न :

१. माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांना त्यांच्या कामातील धोके त्यांच्या भाषेत कोणी सांगितले आहेत काय?

२. मी त्यांना केवळ जपून राहण्यास सांगतो, की कठडाही बांधून देतो?