गटावरचा हिरवा चौकोन

हद्दवाढीत आमचं गाव नगरपरिषदेत गेलं आणि काही वर्षांनी प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. आमच्या अठरा गुंठ्यांवर हिरवा चौकोन, आत बारीक अक्षरांत ‘खेळाचे मैदान’. मामा नगररचना खात्यात आरेखक होते. निवृत्तीनंतरही भिंग आणि मोजपट्टी त्यांच्या टेबलावर असतेच. भाग नकाशाची प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

मी : मामा, सात-बारा आमच्या नावावर. मग त्यावर दुसऱ्या कुणी मैदान कसं काढलं?

मामा : कायद्यानं काढलंय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. पुढच्या वीसेक वर्षांत गाव किती वाढेल याचा अंदाज धरायचा आणि तेवढ्या माणसांना लागणारे रस्ते, शाळा, दवाखाना, मैदान यांची जागा आजच राखून ठेवायची. मालकी तुमचीच राहते, पण घर बांधायला परवानगी मिळत नाही.

मी : म्हणजे धड आमचीही नाही आणि त्यांचीही नाही.

मामा : दुखणं तेच आहे. घ्यायला पैसे नसतात आणि सोडायला कुणी तयार नसतं. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. धर बारा वर्षं. घरातली आजारपणं, लग्नकार्यं सगळी त्यातच येतात. रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो, पण लहान गावात त्याला गिऱ्हाईक कुठून आणायचं?

मी : मग आराखडा नसलेलाच बरा की!

मामा : असं म्हणू नकोस पोरी. पुण्याचं बघ. १९८७ चा आराखडा, वीस वर्षांनी सुधारून यायला हवा होता. जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. तोवर शहर काय थांबून राहिलं? हद्दीवरच्या गावांत शेतकऱ्यानं एकर विकला, घेणाऱ्यानं त्याचे गुंठे पाडले, मधे दहा फुटांचा बोळ ठेवला. सांडपाण्याला वाट नाही, ॲम्ब्युलन्स आत वळत नाही. अशा बांधकामांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घर नियमित झालं, पण बोळ दहा फुटांचाच राहिला. तिथं राहणाऱ्या बाईला पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशीच गाठावा लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी : पटतं. पण मैदान सगळ्या गावाचं आणि जमीन जायची एकट्याची, हा कुठला न्याय?

मामा : न्याय नाहीच. नकाशे काढताना मला आयुष्यभर हेच खुपलं. दुसरी वाट आहे, नगररचना योजनेची. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच त्यासाठी कायदा झाला, देशातला पहिला. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि मैदानं आखायची, आणि प्रत्येकाला त्याचा भूखंड परत द्यायचा. आधीपेक्षा लहान, पण नीट आकाराचा आणि रस्त्याला लागून. त्यामुळे भाव चढतो. एकाचीच सगळी जमीन जात नाही, प्रत्येकाची थोडी जाते. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या रिंगरोडला याच पद्धतीनं जमीन मिळाली. आपल्याकडे मात्र एकेक योजना वर्षानुवर्षं सुनावण्यांत अडकायची, म्हणून आरक्षण टाकून मोकळं होणं सोपं वाटू लागलं. आता पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, ही पद्धत पुन्हा हाती घेतलीय.

मी : आम्ही आत्ता काय करायचं?

मामा : हरकत घ्यायची. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस मिळतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. पुण्याच्या आराखड्यावर २०१३ साली ८७ हजारांवर हरकती आल्या होत्या.

मी : ‘आरक्षण रद्द करावे’ असं लिहू?

मामा : एवढंच लिहिलंस तर तो ढिगातला आणखी एक कागद. आधी हे बघ.

त्यांनी भिंग सरकवलं. चौकोनाला लागून बारा मीटरचा रस्ता होता, ठिपक्यांच्या दोन रेघा. त्या रेघा नेमक्या आमच्या आजोबांनी खोदलेल्या विहिरीवरून गेल्या होत्या. नकाशात विहीर नव्हतीच.

मामा : विद्यमान जमीन वापराचा नकाशा करताना कुणी शेतात उतरलेलं दिसत नाही. बारमाही पाण्याची जमीन पडीक दाखवलीय. तुझी हरकत इथं आहे. विहिरीचा फोटो, सात-बाऱ्यावरची नोंद, मोजणीचा नकाशा जोड. रस्ता बांधाच्या कडेनं वळवता येतो, ते रेखाटन मी करून देतो. आणि मैदानासाठी शाळेमागची सरकारी जागा सुचव.

मी : मैदान नकोच म्हटलं तर?

मामा : गावातली पोरं आत्ता कुठं खेळतात?

मी : देवळासमोरच्या रस्त्यावर. परवाच एकाला मोटरसायकलनं उडवलं.

मामा : मग मैदान नको, असं माझ्या हातून लिहून व्हायचं नाही. जागा बदला, असं लिहू.

त्यांनी कोरा कागद ओढला, पेन्सिलीला टोक केलं.

‘‘गट नंबर सांग.’’