श्रेढी ओळखा, मगच ठेव निवडा

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी परिसरातील अनेक मराठी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त दक्षिण भारतात स्थिरावली आहेत. चेन्नईच्या साहुकारपेठेतील असेच एक गलाई व्यावसायिक एकदा सल्ल्यासाठी आले. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी एक लाख रुपये दहा वर्षांकरिता गुंतवायचे होते. पर्याय दोन : १० टक्के सरळव्याज किंवा ८ टक्के वार्षिक चक्रवाढव्याज. “साहेब, आठापेक्षा दहा मोठेच की!” असे त्यांचे म्हणणे.

येथे श्रेढी ओळखता आली पाहिजे. प्रत्येक पदातून आधीचे पद वजा केल्यास तीच संख्या येत असेल, तर ती अंकगणिती श्रेढी. आधीच्या पदाने भागल्यास तीच संख्या येत असेल, तर ती भूमिती श्रेढी. मात्र केवळ दोन पदांवरून निर्णय करू नये. ३, ६ यांच्यापुढे ९ आले तर श्रेढी अंकगणिती, १२ आले तर भूमिती. तिसरा आकडाच खरे स्वरूप सांगतो.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त दोन्ही प्रकारच्या दानांची उदाहरणे आहेत. एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो व रोज ५ द्रम्म वाढवतो. पंधरा दिवसांचे दान ५८५ द्रम्म होते. दुसरा अवघ्या २ कवड्यांपासून आरंभ करून रोज दुप्पट देतो. २०,४८० कवड्यांचा एक निष्क, तरीही तीस दिवसांत दान १,०४,८५७ निष्कांच्या वर जाते!

आता आपल्या ठेवीकडे वळू. सरळव्याजाने रक्कम १,१०,०००, १,२०,०००, १,३०,००० अशी दरवर्षी दहा हजारांनी वाढते. चक्रवाढीने ती १,०८,०००, १,१६,६४०, १,२५,९७१ अशी दरवर्षी १.०८ पटीने वाढते. सहा वर्षे सरळव्याज पुढे असते. सातव्या वर्षाअखेरीस चक्रवाढ १,७१,३८२ रुपयांवर पोहोचून त्यास मागे टाकते. दहा वर्षांनी सरळव्याजाचे २,००,००० रुपये होतात, तर चक्रवाढीचे २,१५,८९२. मुलीच्या शिक्षणासाठी जवळपास सोळा हजार रुपये अधिक! पैसे पाच वर्षांतच लागणार असते, तर मात्र पहिला पर्याय सरस ठरला असता.

हाच नियम कर्जालाही लागू पडतो. थकलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढू लागले, की भूमिती श्रेढी आपल्याविरुद्ध धावू लागते. म्हणून ठेव असो वा कर्ज, केवळ दर विचारून थांबू नका. तीन वर्षांचे आकडे लिहून मागा आणि वजाबाकी व भागाकार स्वतः करून पाहा.