कारखान्याचे सांडपाणी : शुद्धीकरणाच्या पद्धतींची तुलना



"साहेब, पाणी नदीत सोडलं की विरून जातं, त्यात एवढं काय?" असे शिरूर-दौंडच्या गटसभांत आम्हांस नेहमी विचारले जाते. त्याचा हिशेब मांडू.

घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. त्याच्या मापाला बी.ओ.डी. म्हणतात. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात तो लिटरला साधारण 1,000 ते 2,000 मिलिग्रॅम असतो. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये मात्र 40,000 च्या पुढे जातो. साखर कारखान्याला नदीत सोडण्यासाठी मर्यादा 30 ची, जमिनीवर 100 ची. म्हणजे 45,000 चे एक लिटर पाणी 30 वर आणायचे तर त्याचे 1,500 लिटर करावे लागेल. भीमेत मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी आधीच येते. उन्हाळ्यात एवढे चांगले पाणी आणायचे कोठून?

आता पद्धती पाहू.

1) उघडे तलाव : खर्च कमी, वीज नाही. पण जागा फार लागते, वास सुटतो, आणि तळाला पक्के अस्तर नसेल तर पाणी झिरपून विहिरी बिघडतात.

2) बंद टाकी : हा मोठा गोबरगॅसच समजा. स्पेंटवॉशचा बी.ओ.डी. 85 ते 90 टक्के कमी होतो आणि गॅस बॉयलरला जाळता येतो. पण 45,000 चे 4,500 उरतातच. रंग व क्षार जात नाहीत.

3) हवा घोळणे : साखर कारखान्याच्या सौम्य सांडपाण्याला उत्तम. आधी तेल काढून, चुना देऊन, गाळ बसवून घ्यावा लागतो. विजेचा खर्च मोठा, म्हणून कच्च्या स्पेंटवॉशला ही पद्धत परवडत नाही.

4) आटवून कंपोस्ट करणे किंवा जाळणे : स्पेंटवॉश प्रेसमडमध्ये मुरवला की त्यातील पोटॅश खतरूपाने शेतात परत येते. मात्र पक्का ओटा पाहिजे, आणि पावसात उघड्यावर हे काम होत नाही. खास बॉयलरमध्ये जाळणे सर्वांत महाग.

थोडक्यात, एकटी कोणतीच पद्धत पुरी पडत नाही. साखर कारखान्याला तिसरी, डिस्टिलरीला दुसरी व चौथी मिळून. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश नदीत सोडायचाच नाही, हे धोरण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2003 च्या कार्यक्रमातच ठरले आहे.

एक इशारा. फुकट खत म्हणून कच्च्या स्पेंटवॉशचा टँकर कोणी देऊ केला तर घेऊ नका. आमच्या पाहण्यात एका शेतकऱ्याने तो उभ्या खोडव्यात सोडला. ऊस करपला, आणि पुढे जमिनीवर क्षार फुटले.

प्रत्येकाने हंगामाआधी व हंगामानंतर विहिरीचे पाणी तपासून घ्यावे आणि दोन्ही अहवाल जपून ठेवावेत. फरक दिसला तर शेतकी खात्याला कळवावे, वार्षिक सभेत विचारावे. शुद्धीकरणाचा खर्च नफ्यातून जातो, ही तक्रार आम्ही ऐकतो. पण कारखाना जसा आपला, तशी विहीरही आपलीच. विहीर गेली तर ऊस कशावर पिकवायचा?

— ऊस विकास अधिकारी