होकार मनापासूनच हवा
(सक्तीचा विवाह आणि कायद्याचे संरक्षण)



ठरवून केलेले लग्न आणि सक्तीचे लग्न यांत फरक आहे. स्थळ आईवडिलांनी आणले, तरी मुलीला वा मुलाला ‘नाही’ म्हणता येत असेल, तर त्यात काही वावगे नाही. पण मारहाण, कोंडून ठेवणे, शिक्षण बंद करणे, ‘आम्ही जीव देऊ’ अशी धमकी, यांनी ‘नाही’ची वाट बंद केली, की ती सक्ती होते.

रखमाबाईंचा खटला

मुंबईच्या रखमाबाईंचे (१८६४-१९५५) लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावले गेले. त्या सासरी न जाता आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या. १८८४ साली दादाजींनी, पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ साली न्या. फॅरन यांनी मात्र उलट निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली. त्यांच्या पाठीशी तेव्हा कायदा नव्हता. आज तो आहे.

कायदा काय सांगतो?

१. वय : मुलगी १८ व मुलगा २१ वर्षांचा हवा. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सर्व धर्मीयांना लागू आहे. असा विवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यातून धर्मगुरूही सुटत नाहीत. बालवधूला वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी तो विवाह न्यायालयातून रद्द करून घेता येतो.

२. संमती : जबरदस्तीने वा फसवून संमती घेतली असेल, तर हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा या दोन्हींखाली विवाह रद्द होऊ शकतो. मात्र सक्ती संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ख्रिस्ती दांपत्याचा असा विवाहही १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली रद्द होऊ शकतो.

३. गुन्हा : लग्नाची सक्ती करण्यासाठी स्त्रीला पळवून नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ खाली गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

४. घरातील छळ : कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ फक्त सुनांसाठी नाही. माहेरी लग्नाची सक्ती होत असेल, तर मुलगीही संरक्षण मागू शकते.

ख्रिस्तसभेची शिकवण

विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती त्यांच्या वतीने दुसरा कोणीही देऊ शकत नाही. म्हणूनच वेदीपुढे धर्मगुरू विचारतात, “तुम्ही स्वेच्छेने आला आहात का?” ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ११०३ नुसार बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह मुळातच अवैध ठरतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार धर्मप्रांतीय न्यायमंडळाच्या निर्णयाने दिवाणी विवाह संपत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातही जावे लागते.

मदत कोठे मिळेल?

दिवेआगरहून अलिबाग लांब वाटते, पण पहिली मदत गावातच आहे. खेड्यात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे फोन क्रमांक घरातील मुलामुलींना पाठ असू द्यावेत. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. धर्मगुरूंना लग्नाआधी एकट्याने भेटून मनातले सांगता येते. लग्नाच्या आदल्या दिवशी दिलेला नकारही नकारच असतो. मांडव उभा राहिला, पत्रिका वाटल्या, म्हणून तो गिळू नये.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात मुलीला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का?
२. शेजारच्या घरी सक्ती होत असल्याचे कळले, तर आपण कोणाला सांगू?