सुतारकामाचे मेज आणि त्याखालील अवजारांची पेटी

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील झरी जामणी तालुका हा सागवानाचा मुलूख होय. पैनगंगेच्या अलीकडील या भागात दारे-चौकटी, नांगर, वखर, बंडीची दुरुस्ती अशी कामे गावचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसूनच करीत आला आहे. फळी टाचेखाली दाबावयाची आणि वाकसाने तासावयाची, ही रीत वाकसाच्या कामाला सोयीची खरी. परंतु रंध्याच्या कामाला ती अपुरी पडते. रंधा बसून मारताना सारा भार खांद्यावर व कंबरेवर येतो, उभ्याने मारताना तो पायांतून येतो. शिवाय टाच आणि पटाशी यांचे अंतर चार बोटांहून अधिक नसते, याची साक्ष जुन्या कारागिरांची पावले देतात.

दिनांक 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा अंतर्भाव 18 व्यवसायांत करण्यात आला आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. नवी अवजारे घरी आली की ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न मात्र घरमालकाचाच असतो. पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवलेली पटाशी एका पावसाळ्यात गंजते, आणि गंजलेल्या पटाशीला धार लावण्यात सुताराची अर्धी सकाळ जाते. यास्तव मेज आणि अवजारांची पेटी यांचा विचार एकत्रच करावयास हवा.

प्रथम उंची. सरळ उभे राहून हात सैल सोडावा. मनगटाचे हाड जेथे येईल तेथवर मेजाचा माथा असावा. मध्यम उंचीच्या माणसास ही उंची 30 ते 32 इंच भरते. दुसऱ्याच्या मेजाचे माप उतरवून घेऊ नये, कारण मेज शरीराला बेतावयाचे असते. लांबी 6 फूट व रुंदी 2 फूट घरगुती कामास पुरेशी होते.

सागवान स्वतःच्या शेतातले असले, तरी ते मनास येईल तसे तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, मोह, ऐन, तिवस आदी झाडे येतात. त्यांच्या तोडीस परवानगी आणि सागवानाच्या वाहतुकीस वन विभागाचा परवाना लागतो. कागदाविना घेतलेले स्वस्त लाकूड पुढे महागात पडते. जुन्या घराच्या मोडलेल्या तुळया मिळाल्या तर उत्तमच, कारण ते लाकूड मुरलेले असते. कोणतेही लाकूड घ्यावे, पण सालीलगतचा पांढरट भाग, म्हणजे रसकाष्ठ, काढून टाकावा. सागाला वाळवी लागत नाही हा समज केवळ मधल्या तपकिरी मध्यकाष्ठापुरता खरा आहे.

पाय 3 इंच चौरस, जोडपट्ट्या 4 इंच रुंद व 2 इंच जाड आणि माथ्याच्या फळ्या 2 इंच जाड धरल्यास सांगाडा व माथा मिळून सुमारे 4 घनफूट लाकूड लागते. त्याचे वजन 70 किलोंच्या आसपास होते. कुसू पायाच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे 1 इंच जाड व 2 इंच लांब काढावा. येथे एक चूक हमखास होते. लांब व आखूड पट्ट्या एकाच पातळीवर घेतल्या, तर दोन्ही कुसू पायाच्या पोटात एकमेकांना छेदतात. म्हणून लांब पट्टी आखूड पट्टीच्या खाली पूर्ण 4 इंच उतरवावी. कुसवातून लाकडी खुंटी ठोकताना कुसवातील भोक त्याच्या खांद्याकडे अर्धा सूत सरकवून पाडावे. खुंटी आत शिरताच सांधा आपोआप ओढला जातो. सरस पुढे सुटला तरी असा सांधा सुटत नाही.

माथ्याच्या फळ्या घट्ट जखडू नयेत. या भागात मे महिन्याची कोरडी होरपळ आणि श्रावणातली ओल यांत 2 फूट रुंदीचा माथा दोन सूत सहज कमीजास्त होतो. पुढची फळी पक्की बसवावी, मागच्या फळ्यांच्या स्क्रूची भोके लांबट ठेवावी. लोखंडी वाईस परवडत नसेल तर माथ्यावर दोन ठोकळे बसवून त्यांमध्ये लाकूड पाचरीने आवळावे. वाईस पुढे केव्हाही बसविता येतो.

आता पेटी. ती माथ्याला चिकटवून करू नये. माथ्याखाली निदान 6 इंच मोकळी जागा हवी, नाहीतर माथ्याच्या भोकांतील खुंट्या खालून ठोकून काढता येत नाहीत आणि आवळण्याची साधने लावता येत नाहीत. खालच्या पट्ट्यांवर फळ्यांचा तळ घालून उजव्या अर्ध्यात दोन खणांची बंद पेटी बसवावी, डावा अर्धा जड ठोकळे व भारी अवजारांसाठी मोकळा ठेवावा. हे ओझे अडगळ समजू नये. रंध्याच्या रेट्याने हलके मेज सरकते. तळातील वजन तेच रोखून धरते.

खणात पटाश्यांसाठी खाचा पाडलेली पट्टी असावी, म्हणजे धारेला धार लागत नाही. रंध्यांखाली पुढच्या बाजूस बारीक पट्टी टाकावी, म्हणजे पाते तळाला टेकत नाही. करवती मागच्या बाजूस टांगाव्या. भुसा व कीस खणात राहू देऊ नये. तो ओल धरतो आणि लोखंड गंजवितो. पेटीला कुलूप हवेच, कारण घरात लहान मुले असतात.

मेज उजेडाच्या बाजूस पडवीत मांडावे आणि पायांखाली फरशीचे चपटे तुकडे द्यावे. मुकुटबन परिसरात असा दगड मुबलक आहे. त्याने जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. मृगाच्या आधी एकदा सर्व अवजारे बाहेर काढून पुसावी, त्यांस शिलाई यंत्राच्या तेलाचा हात द्यावा आणि माथ्यावर जवसाचे तेल चोळून दोन दिवस वाळू द्यावे. तेलाचे बोळे गुंडाळून पेटीत ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. अंगणात पसरून वाळवावे.