पंगतीतला पाहुणा

भोजनाचे शिष्टाचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काटे-चमचे येतात. कोणता काटा कोणत्या हातात धरावा, नॅपकिन मांडीवर कसा पसरावा, ह्यावर पुस्तके निघाली आहेत. परंतु आपल्या पंगतीचे शास्त्रही तितकेच काटेकोर आहे आणि ते मी आजीकडून शिकले. आजी स्वतः पंगतीत फारशी बसली नाही. लग्नकार्यांत ती मागच्या अंगणात पोळ्या लाटी, भांडी घाशी. पाहुणा कसा, हे ती त्याच्या उष्ट्या पानावरून ओळखे.

केळीच्या पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. वरच्या कडेला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या, मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. डावीकडचे पदार्थ चवीपुरते, उजवीकडचे पोटभरीचे, अशी ही अक्कलहुशारीची मांडणी आहे. सर्वांना वाढून होऊन यजमानाने विनंती करेपर्यंत पाहुण्याने अन्नाला हात लावू नये. ब्राह्मणी पंगतीत त्याआधी पानाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला चित्राहुती घालतात. ज्याच्या घरी ही रीत नाही त्याने ती उगाच करून दाखवू नये, स्वस्थ बसावे. पाण्याचे भांडे डाव्या हाताने उचलावे, कारण उजवा हात खरकटा असतो.

खरी परीक्षा आग्रहाची. आग्रह करणे हे यजमानाचे कर्तव्य आणि ‘पुरे’ म्हणणे हे पाहुण्याचे. ‘पुरे’ म्हटल्यावरही एक जिलबी पडणारच, हे धरून पोटात तेवढी जागा राखावी. खरोखरच नको असेल तर पानावर हात आडवा धरावा. विलायती टेबलावर सुरी व काटा ताटलीत शेजारी-शेजारी ठेवले की अर्थ तोच होतो. शेजारच्याचे जेवण चालू असताना उठू नये. तो म्हातारा असेल तर आपला ताकभात जरा लांबवावा. पैजेने जिलब्या खाण्याचा पराक्रम आजीला मुळीच पसंत नव्हता. ती म्हणे, “पैज त्यांची अन् टाकलेलं उचलायचं आम्ही.”

पण ह्या शास्त्राला एक कडू बाजू आहे. कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, हे जात ठरवी. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत रानडे होते, टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही. पण नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. यजमानाने पुढे केलेला कप नाकारावा तर असभ्यपणा, घ्यावा तर बहिष्कार! उलट कोल्हापूरचे शाहू महाराज पाहा. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे ह्यांना त्यांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. पाहुणा म्हणून जाणे हेसुद्धा केवढे काम असू शकते!

आमच्या गावच्या एका वाड्यात आजीला जेवण मिळे ते शेवटची पंगत उठल्यावर, मागच्या पायरीवर. तिने लाटलेल्या पोळ्या माजघरात चालत, ती स्वतः चालत नसे. हे ती रागाने सांगत नाही, पण मला ऐकवत नाही.

आता बुफे आला आहे. पुष्कळांना तो आवडत नाही, मला आवडतो. रांगेत आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, हे तिथे कोणी विचारत नाही. आग्रह मात्र गेला, आणि आपल्याच हाताने वाढून घेतलेले अन्न लोक अर्धे टाकून देतात हे आजीला अजून उमगत नाही. गेल्या लग्नसराईत मी तिला खुर्चीवर बसवून ताट वाढून आणले. तिने ते मांडीवर घेतले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “वाढणारी पोरं जेवली का गं?”