मोटार शर्यती : कुटुंब व शालेय प्रेक्षक घडविण्याचा प्रश्न

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. हर्मन टिल्के यांनी आराखडा केलेल्या ५.१२५ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर त्या दिवशी सुमारे ९५ हजार प्रेक्षक उपस्थित होते. पुढील वर्षी ही संख्या सुमारे ६५ हजारांवर आली आणि २०१३ च्या तिसऱ्या शर्यतीनंतर ही स्पर्धा भारतात पुन्हा झाली नाही. शर्यत बंद पडण्यामागे प्रामुख्याने करविषयक व आर्थिक वाद होते. तथापि, एका वर्षात प्रेक्षकांत झालेली घट वेगळाच प्रश्न उपस्थित करते. कुतूहलापोटी एकदा आलेला प्रेक्षक दरवर्षी यावा, यासाठी काय करावयास हवे? कुटुंबे आणि शालेय विद्यार्थी यांचा सहभाग हा या प्रश्नाचा गाभा होय.

कुटुंब-प्रेक्षकाचे महत्त्व

शर्यतमार्ग उभारण्यास मोठा भांडवली खर्च येतो. वर्षातील मोजक्या दिवसांच्या तिकीटविक्रीतून तो भरून निघणे कठीण असते. म्हणून दरवर्षी परतणारा प्रेक्षक आवश्यक ठरतो. क्रिकेट वा कबड्डी मुले स्वतः खेळतात. त्यातूनच त्यांची आवड रुजते. मोटार शर्यतीचे तसे नाही. मूल तो खेळ गल्लीत खेळू शकत नाही आणि खेळू नये हेच इष्ट. त्यामुळे प्रत्यक्ष शर्यत पाहणे व यंत्र जवळून न्याहाळणे हाच या क्रीडेचा पहिला परिचय ठरतो.

भारतात याची परंपरा नाही असे नव्हे. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने चेन्नईजवळील शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती भरविल्या आणि त्यांना मोठी गर्दी होत असे. पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे कायमस्वरूपी मार्ग उभा राहिला. नारायण कार्तिकेयन (२००५) आणि करुण चंढोक (२०१०) हे फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले दोन्ही भारतीय चालक तमिळनाडूचे आहेत, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

पहिला अडथळा : खर्च व अंतर

२०११ च्या शर्यतीची तिकिटे २,५०० रुपयांपासून सुरू होत होती. चौघांच्या कुटुंबास किमान १०,००० रुपये लागत. २०११-१२ मधील राष्ट्रीय दरडोई उत्पन्न वार्षिक सुमारे ६३ हजार रुपये, म्हणजे मासिक पाच हजारांच्या आसपास होते. केवळ तिकिटांवर जवळपास दोन महिन्यांचे दरडोई उत्पन्न खर्च करणे सामान्य कुटुंबास परवडणारे नव्हते. शिवाय हा मार्ग यमुना द्रुतगती मार्गालगत, दिल्लीपासून दूर असून त्या वेळी तेथपर्यंत मेट्रोची सोय नव्हती.

याउलट ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात १९९६ पासून ही शर्यत अल्बर्ट पार्क या सार्वजनिक उद्यानातील रस्त्यांवर होते. तिकीटधारकांना शहरातून ट्रामने तेथे नेण्याची व्यवस्था असते आणि मुख्य शर्यतीखेरीज प्रदर्शने व इतर कार्यक्रमही असतात. २०२४ मध्ये चार दिवसांत मिळून साडेचार लाखांहून अधिक उपस्थिती नोंदली गेली. मात्र या आयोजनासाठी व्हिक्टोरिया राज्याच्या शासनास दरवर्षी मोठी रक्कम खर्चावी लागते आणि उद्यानाच्या वापरास स्थानिकांचा विरोधही झालेला आहे. लोकप्रियता व सार्वजनिक खर्च यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे, हा यातील बोध होय.

क्रीडा की करमणूक?

हा वाद केवळ शाब्दिक नाही. २००९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने फॉर्म्युला वनला क्रीडेपेक्षा करमणूक मानण्याची भूमिका घेतली होती. करमणूक करातील सवलतीस आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये तिकीट उत्पन्नाचा २५ टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. पुढे एप्रिल २०१७ मध्ये, हे सर्किट म्हणजे परदेशी कंपनीची भारतातील ‘स्थायी आस्थापना’ असून संबंधित उत्पन्न येथे करपात्र आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ३३ मध्ये क्रीडा, करमणूक व मनोरंजन यांचा एकत्र उल्लेख आहे. १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर नोंद ६२ मधील करमणूक कर केवळ स्थानिक संस्थांपुरता उरला आणि उर्वरित भाग वस्तू व सेवा करात सामावला गेला. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटास या करातून सूट आहे. म्हणजेच अल्पदरातील तिकिटे ठेवण्यास करव्यवस्था काही प्रमाणात अनुकूल आहे. परंतु त्यासाठी स्पर्धेस ‘मान्यताप्राप्त’ हा दर्जा असावा लागतो.

सुरक्षितता व श्रवणरक्षण

मुलांना निमंत्रित करणाऱ्या आयोजकांची पहिली जबाबदारी सुरक्षिततेची होय. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे मोटारीचे अवशेष प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरील शर्यतींवर बंदी घातली. आज दिसणारी कुंपणे, अडथळे व मार्गापासून दूर नेलेल्या आसनरांगा यांमागे अशा दुर्घटनांतून आलेले शहाणपण आहे.

दुसरा धोका ध्वनीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबेल ही कमाल मर्यादा सुचविली. मुलांचे कान अधिक जपावे लागतात. त्यामुळे कान झाकणारी आवरणे प्रवेशद्वारावरच उपलब्ध असणे ही चैन नसून गरज आहे. २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये आलेल्या संकरित इंजिनांचा आवाज पूर्वीपेक्षा कमी आहे, तर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या हुसेनसागर परिसरात झालेल्या फॉर्म्युला ई शर्यतीतील मोटारी पूर्णतः विजेवर धावल्या. शहराच्या मध्यभागी, कमी आवाजात शर्यत होऊ शकते हे त्यातून दिसले. परंतु २०२४ ची नियोजित शर्यत रद्द झाली. सातत्याविना प्रेक्षकांना सवय लागत नाही, हा अनुभव पुन्हा आला.

शाळा ते शर्यतमार्ग

विद्यार्थ्यांना केवळ सवलतीचे तिकीट देणे पुरेसे नाही. ब्रिटनमध्ये ‘एफ वन इन स्कूल्स’ या नावाने सुरू झालेल्या उपक्रमात विद्यार्थ्यांचे संघ संगणकावर छोट्या मोटारीचा आराखडा करतात, ती तयार करतात आणि संकुचित कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर २० मीटरच्या मार्गावर धावडवितात. वायुरोध, वस्तुमान, घर्षण या संकल्पना अशा रीतीने पाठ्यपुस्तकाबाहेर येतात. भारतात महाविद्यालयीन स्तरावर बाहा एसएई इंडिया, सुप्रा एसएई इंडिया व फॉर्म्युला भारत या स्पर्धांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहन बांधतात. या स्पर्धांच्या ठिकाणी शालेय सहली नेल्यास अल्प खर्चात मोठा लाभ संभवतो.

मुलींचा सहभागही महत्त्वाचा आहे. बंगळूरूच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ मध्ये बाहा प्रकारातील महिलांचा विश्वचषक जिंकला, तर पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ मध्ये मोटार शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. अशा स्पर्धकांशी संवाद घडल्यास हे क्षेत्र केवळ मुलांचे, हा समज दूर होईल.

एक आक्षेप

वेगाचे आकर्षण वाढवून आपण मुलांना धोक्याकडे नेत आहोत काय? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा देशात हा आक्षेप गंभीरपणे घेतलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये शासनाच्या परवानगीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालक वा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शर्यतमार्गावरील चालक शिरस्त्राण, पट्टा, अग्निरोधक पोशाख आणि परवाना यांशिवाय उतरू शकत नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले, तर वेग आणि शिस्त यांचे नाते त्यांना उमगू शकते. मात्र हे आपोआप घडत नाही. त्यासाठी रस्ता सुरक्षेचा पाठ कार्यक्रमाचाच भाग असावा लागतो.

निष्कर्ष

सार्वजनिक जमीन, रस्ते, पोलीस बंदोबस्त वा करसवलत यांचा लाभ घेणाऱ्या स्पर्धेने समाजास काय परत दिले, हा प्रश्न लोकशाहीत रास्त ठरतो. परवडणारे तिकीट, सार्वजनिक वाहतूक, श्रवणरक्षण, शाळांशी जोडलेला शैक्षणिक कार्यक्रम आणि दरवर्षीचे निश्चित वेळापत्रक या पाच कसोट्यांवर आयोजनाचे मूल्यमापन होऊ शकते. भव्य मार्ग काही वर्षांत बांधता येतो; प्रेक्षक घडविण्यास मात्र एक पिढी लागते, आणि त्या पिढीची सुरुवात शाळेपासून होते.